मागच्या गेटचा वळसा

कणकवलीहून घाटकोपरला कशी गेले ते सांगण्यात काही अर्थ नाही. गाडीत बसले, डुलक्या काढल्या, शेजारच्या बाईने ठाणं येईपर्यंत चिवडा खाल्ला. तेवढ्यावर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. मी लिहिणार आहे तो प्रवास वेगळाच आहे. माझ्या ताईच्या बिल्डिंगच्या पुढच्या गेटपासून त्याच बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपर्यंतचा. त्या आठवड्यात तो मी पुन्हा पुन्हा केला आणि प्रत्येक वेळी घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसले. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं नसेल, म्हणून सांगते.

माझी गावात पिठाची गिरण आहे. दळण घेऊन येणारी बाई चालत येते, दळण होईपर्यंत ओट्यावर बसते, जाताना शेजारच्या दुकानातून साबण नेते. गिरण आणि दुकान दोन्ही त्या पायांवर चालतात. हायवे मोठा झाला तेव्हा पलीकडच्या वाडीतली गिऱ्हाइकं पलीकडेच अडकली आणि मी दोन वर्षं डोक्याला हात लावून बसले होते. तेव्हा रस्त्याने माणसाचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, सुलभा. भावोजी गिरणीत होते, कापडाच्या. गिरणी गेल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं आणि घाटकोपरच्या डोंगराकडच्या एका चाळीत संसार केला. भावोजी गेले, चाळ पाडली, त्याच जागेवर टॉवर झाला, आणि ताई आठव्या मजल्यावर गेली. दर वर्षी हिवाळ्यात तिथे सत्यनारायणाची पूजा असते. चाळ होती तेव्हापासूनची. त्या पूजेसाठी मी गेले होते.

पहिला दिवस : पुढचं गेट

रिक्षा पुढच्या गेटसमोर थांबली. म्हणजे समोर थांबायला जागा नव्हती, थोडी पुढे थांबली. रस्ता खणलेला, त्याच्या कडेने पत्रे लावलेले, पत्र्याला लागून लोखंडी सळया आणि सळयांना लागून पार्क केलेल्या मोटारसायकली. फुटपाथ कुठे आहे म्हणून मी रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "होता ना मावशी, त्याच्याखाली असेल." मी बॅग डोक्यावर घेतली आणि बसच्या आणि पत्र्याच्या मधून आडवी होऊन गेटपर्यंत पोचले. गेट मात्र झकास. कमान, दिवे, निळ्या गणवेशातला वॉचमन. त्याने मला नाव, गाव, कुणाकडे, सगळं विचारलं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारात.

ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या अंगाला नेहमीचा वास आला नाही. घावनाचा. तांदळाच्या पिठाचा, खोबऱ्याचा, बिडाच्या तव्याचा. हा वास तिच्या लुगड्याला कायम असायचा.

"तवा खंय?" मी विचारलं.

"आसा थंयच. बस तू, चाय टाकतंय."

तवा ओट्याखाली होता, वर्तमानपत्रात गुंडाळून.

ताईचा धंदा असा होता. बिल्डिंगला मागे एक लहान गेट. गेटच्या पलीकडे बैठ्या घरांची गल्ली, आणि ती गल्ली पुढे सरळ मार्केटात, मार्केटातून स्टेशनला. सकाळी टॉवरमधली आणि गल्लीतली सगळी माणसं त्याच वाटेने कामाला जायची. ताई गेटजवळ टेबल टाकून घावनं आणि काळ्या वाटाण्याची उसळ विकायची. संध्याकाळी त्याच टेबलावर वंदना भाकरी आणि ठेचा विकायची. वंदना गल्लीतली, माहेर जालन्याकडचं. दिवसा एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. तिच्या घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, ताईच्या घरात गणपती आणि देवीची. टेबल एक, शेगडी एक, आणि भांडण रोज एकच, खोबरेल तेलाची बाटली कुणी संपवली याचं. ताईचा मुलगा महेश या टेबलावर इंजिनियर झाला. वंदनाची मुलगी त्याच टेबलाच्या कडेला बसून अभ्यास करायची.

ते गेट बंद होतं. वेल्डिंग नव्हे, कुलूप. पण कुलपाच्या आतल्या बाजूला दोन गाड्या अशा लावलेल्या होत्या की किल्ली मिळूनही उपयोग नव्हता.

"कुणी बंद केलान?" मी विचारलं.

ताईने चहा गाळला. "देवान," ती म्हणाली.

मला वाटलं ती चेष्टा करतेय. ती करत नव्हती.

मागच्या वर्षीच्या पूजेला, नेहमीप्रमाणे, अण्णांनी गाऱ्हाणं घातलं. अण्णा चाळीतले सगळ्यात म्हातारे. आमच्याकडची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नारळ हातात घेऊन एक वडीलधारा माणूस देवाला सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, सूर लावून, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं ओरडतात, "व्हय म्हाराजा!" लेकराबाळांना सुखी ठेव, व्हय म्हाराजा. नोकरीधंद्याला यश दे, व्हय म्हाराजा. कुणी ऐकत नसतं. तोंड आपोआप उघडतं. माझंही उघडतं.

तर सोसायटीचा सेक्रेटरी, प्रकाश, याने अण्णांना आधीच एक ओळ सांगून ठेवली होती. महिन्याभरापूर्वी कुणाची तरी सायकल चोरीला गेली होती. अण्णा म्हणाले, "मागल्या दारान जो कोण चोर-चिलट येता, ता दार बंद करूची बुद्धी ह्या लेकरांका दी रे म्हाराजा!" आणि अख्ख्या टॉवरने दणकून होकार दिला. पुढच्या मीटिंगला प्रकाश म्हणाला की आता हात कशाला वर करायचे, सगळ्यांनी देवासमोर हो म्हटलंय. देवाला दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती? कुलूप लागलं. आठवड्यात तिथे दोन गाड्या लागल्या. त्यातली एक प्रकाशची.

"आणि तू काय करत होतंस?" मी ताईला विचारलं.

"मी शिरो वाटत होतंय गो," ती म्हणाली. "हात टोपात, लक्ष टोपात, आणि तोंडान वराडलंय. सगळ्यांपेक्षा मोठ्यान."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

दुसरा दिवस : वळसा

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वंदनाकडे निघालो. ताईने हट्टाने उसळीचा डबा घेतला. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वंदनाचा ओटा दिसतो. ओट्यावरची मोगऱ्याची कुंडी दिसते, कुंडीत पाणी घातलंय की नाही तेही दिसतं. हाकेच्या अंतरावर म्हणतात तेवढं.

पुढच्या गेटातून बाहेर पडलो. पत्र्याच्या कडेने. मग मोठा रस्ता, त्याला सिग्नल आहे, पण चालणाऱ्यांसाठी दिवा हिरवा होऊन आपण एक पाऊल टाकेपर्यंत लाल होतो. मध्ये दुभाजकावर आम्ही दोघी उभ्या, डबा पोटाशी धरून, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या. कठड्यावर कबुतरं बसतात तशा आम्ही. एका गाडीतल्या माणसाने काच खाली केली आणि म्हणाला, "काय आजी, मरायचंय का?" ताईने त्याला मालवणीत जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. मला बरं वाटलं.

पलीकडे गेल्यावर पुलाखालून, पुलाखाली पाणी साचलेलं, थंडीच्या दिवसांत, कुठून येतं देव जाणे. मग परत रस्ता ओलांडून दुसऱ्या सिग्नलला, मग मार्केटच्या तोंडाशी. तिथे एक मुलगा उलट्या बाजूने मोटारसायकल घेऊन फुटपाथवर चढला. फुटपाथ होता एवढ्याच जागी, आणि तिथेच तो चढला. ताई बाजूला सरली, पाय पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात गेला आणि ती गुडघ्यावर बसली. डबा उघडला. काळे वाटाणे गटाराच्या जाळीपर्यंत घरंगळत गेले.

मुलगा थांबला, "सॉरी मावशी, लागलं का?" म्हणाला, आणि गेला. चांगला होता बिचारा. सगळेच चांगले असतात, तीच पंचाईत आहे.

रिक्षा करावी म्हटलं तर एवढ्या जवळ कुणी येईना. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून गल्लीत शिरली. मला ती गल्ली आठवत होती. संध्याकाळी गजबजलेली, ओट्यांवर बायका, टेबलाजवळ कढईचा आवाज. आता भिंतीशी टोक बंद झालेलं, तिथे कचऱ्याचा ढीग आणि दोन मोडक्या खुर्च्या. दिवाही गेलेला.

वंदना दारातच होती. "अगं बाई, काय झालं? या ना आत. तुमची तर वाट लागली." तिने ताईचा गुडघा धुतला, हळद लावली आणि मग आम्हाला भाकरी वाढली. ज्वारीची, पातळ, पापुद्रा सुटलेली. आमच्या तांदळाच्या भाकरीला असा पापुद्रा येत नाही, हे मी कणकवलीत कबूल करणार नाही, इथे करते. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. ते बरंच झालं, कारण ताईच्या डोळ्यांतलं कशाने आलं ते कुणाला विचारावं लागलं नाही.

"तू विकत नाहीस आता?" मी वंदनाला विचारलं.

"कुणाला विकू ताई? टॉवरवाले इकडून येत नाहीत, आणि गल्लीतल्यांच्या घरी भाकरी आहेच की. नाक्यावर बसून पाह्यलं. तिथं सगळे गाडीत. गाडीतल्या माणसाला भूक लागत नाही, त्याला हिरवा दिवा लागतो."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "चोर म्हणे इथून यायचा. सुलभाताई दिवसभर गेटला, संध्याकाळी मी गेटला. चोर काय आम्हाला घावन मागून आत गेला का? उलट आता बघा. पोरगी क्लासवरून येते ना, मी त्या मोडक्या खुर्चीवर जाऊन बसते, ती दिसेपर्यंत. आधी कधी बसावं लागलं नव्हतं. आधी लोकच बसलेले असायचे."

मी प्रकाशचं नाव काढलं. वंदना म्हणाली, "जाऊ दे. 'तिकडचे लोक' म्हणतात आम्हाला. त्याची आई आणि मी एका नळावर भांडलोय."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. कालपर्यंत चाळीत राहिलेली माणसं. त्यांच्याच बारशाला या गल्लीतून पातेली आली होती. लिफ्ट मिळाली आणि खालची माणसं लगेच तिकडची झाली. आमच्या गावात भांडणं कमी आहेत असं नाही, कोर्टात चालली आहेत आमची. पण कुणी कुणाच्या अंगणातून जाणारी वहिवाट बंद केली तर त्याच्या घरी लग्नालासुद्धा माणूस जात नाही. वाट अडवणं म्हणजे काय, ते तिथे पोरासोरांनाही कळतं.

मध्येच : बोरीवली

महेश, ताईचा मुलगा, आम्हाला न्यायला आला. तो बोरीवलीला राहतो, नॅशनल पार्कच्या बाजूला, गुजराती आणि मराठी शेजाऱ्यांच्या मोठ्या सोसायटीत. त्याच्या गॅलरीतून झाडी दिसते. हवा छान आहे, सून प्रेमळ आहे, तिने ढोकळा आणि आमटी एकाच जेवणात वाढली आणि दोन्ही चांगली होती. मला वाईट काही सांगायला सापडेना, म्हणून मी आणखीच चिडले.

"मावशी, तूच समजाव आईला," तो म्हणाला. "किती दिवस तिथे एकटी? इथे वॉकिंग ट्रॅक आहे."

ट्रॅक पाहिला. दुसऱ्या मजल्यावर, गाड्यांच्या डोक्यावर, रबरी. त्यावर माणसं गोल गोल फिरत होती, घाण्याच्या बैलासारखी, पण महागडे बूट घालून. कुणी कुठे पोचत नव्हतं. सकाळी महेश मला पार्कात चालायला घेऊन गेला. गाडीने. पार्किंग मिळायला वेळ लागला म्हणून चालणं थोडक्यात आटपलं.

ताई त्या ट्रॅकवर एक फेरी मारून बाकावर बसली. "हंय विकूचा काय?" ती मला म्हणाली. "हंय कोण कामाक जाणा नाय. सगळे फिरतत."

ती महेशला म्हणाली, "पूजा होऊ दे. देवान गेट उघडल्यान तर मी थंयच रवतलंय. नाय तर तू सांगशील तसं." तिने हे असं सहज म्हटलं की त्याला वाटलं आई विषय टाळतेय. मला माहीत होतं, ती पैज लावतेय. परतताना तिने मला सांगितलं, "ज्या तोंडान बंद झाला, त्याच तोंडान उघडूचा. अण्णांका सांगतंय."

पूजेचा दिवस

अण्णा तयार झाले. ते म्हणाले, "माका काय गो. सांगतत ता मी बोलतंय. देवान घातलेला कुलूप देवाकच काढूक सांगूया." मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता, तो थोडा निवळला.

चाळीत पूजा गल्लीत व्हायची. आता ती पार्किंगमध्ये होते. गाड्या एका दिवसापुरत्या काढतात, जमिनीवरचे नंबर तसेच दिसतात, त्यावर सतरंजी. चौरंग नेमका मागच्या गेटपाशी मांडला होता आणि कुलूप दिसू नये म्हणून त्यावर सोनेरी पडदा सोडला होता. प्रकाश स्वतः सगळ्यांना पाणी देत होता. मला म्हणाला, "मावशी, गावाहून आलात, बरं वाटलं. गुडघा कसा आहे ताईंचा? मी डॉक्टरला फोन करू का?" त्याच्याकडे बघून मला वाटलं, हा दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं.

पूजा झाली, आरती झाली. अण्णांनी नारळ हातात घेतला. प्रकाशने माइक त्यांच्या तोंडाशी धरला. पडद्याच्या पलीकडे गेट, गेटच्या पलीकडे गल्ली, हे मला सारखं जाणवत होतं.

"बा देवा म्हाराजा! आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली असत, त्येंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची नोकरी असात, कोणाचो धंदो असात, त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पार्किंगचं छत दणाणलं. लिफ्टजवळची पोरंसुद्धा ओरडली, मोबाइलमधून मान वर न काढता.

ताईने माझा हात धरला.

"आणि ह्या मागल्या दाराक जा कुलूप घातलेला आसा," अण्णांचा आवाज जरा कापला, "ता काढून आमची जुनी वाट आमका मोकळी करून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी आणि ताई ओरडलो.

आम्ही दोघीच.

ज्या माणसांनी जन्मात कधी गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं, त्यांनी ते नेमकं त्या क्षणी ऐकलं. कुणी सतरंजीकडे बघितलं, कुणी प्रसादाच्या टोपाकडे. ताईच्या शेजारची बाई, रोज सकाळी तिच्याकडून घावन घेऊन जाणारी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिच्या नवऱ्याची गाडी आतल्या रांगेत लागते. पार्किंगच्या रांगेत एकाची गाडी हलली की सगळ्यांच्या हलतात.

प्रकाशने माइक स्वतःकडे घेतला आणि हसून म्हणाला, "अण्णा, गाऱ्हाण्यात पॉलिटिक्स नको हां." लोक हसले. सुटल्यासारखे हसले. अण्णा गोंधळले, नारळ या हातातून त्या हातात घेतला, आणि पुढचं म्हणाले, "लेकराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा टॉवर गरजला.

मी उठून काहीतरी बोलणार होते. ताईने हात सोडला नाही. "बस," ती म्हणाली. "झाला."

वर येऊन तिने महेशला फोन लावला. "रविवारी ये न्यायला," एवढंच बोलली, आणि ठेवला.

शेवटचा दिवस : तवा

पूजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी निघायच्या आधी, ताईने ओट्याखालून तवा काढला. वर्तमानपत्र सोडलं, तेलाचा हात फिरवला आणि परत गुंडाळला.

"सुनेकडे इंडक्शन आसा. ह्यो त्येच्यावर चलना नाय. वंदनाक नेऊन दी."

"तू चल."

तिने गुडघ्याकडे बोट दाखवलं. सूज उतरली नव्हती. पण खरं कारण ते नव्हतं, आणि आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

बिडाचा तवा किती जड असतो हे तो चुलीवर असताना कळत नाही. मी तो पोटाशी धरून पुढच्या गेटातून निघाले. पत्रे, सिग्नल, दुभाजक, पूल, पाणी, दुसरा सिग्नल, मार्केट. सगळी वाट आता मला पाठ झाली होती, आणि एवढी पाठ होऊनही ती कुठेच माझी झाली नव्हती. वाटेत कुणाशी बोलले नाही, कुणी ओळखीचं भेटलं नाही. आमच्याकडे तवा घेऊन निघालेल्या बाईला दहा जण विचारतील, कुठे निघालीस म्हणून. राग यावा इतकं विचारतील. तो राग मला तेव्हा हवासा वाटला.

वंदनाने तवा घेतला, ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली.

"मला घावन जमत नाही ताई. भाकरी थापेन यावर. पण लोक घावन मागणार."

"कुठले लोक?" मी म्हटलं. माझ्या तोंडून वाईट निघालं ते.

तिने तव्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "काल आम्ही सगळे बाहेर बसलो होतो, भिंतीला लागून. तुमच्या देवाचं आम्हाला काही नाही, पण अण्णा गेटचं बोलणार हे सुलभाताईंनी सांगितलं होतं. माइकवर सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले कुलूप काढ. आणि मग एकदम काहीच नाही. मला वाटलं, माइकच गेला."

माइक चालू होता. नको तेवढा चालू होता.

तेवढ्यात वरून हाक आली. मी मान वर केली. भिंतीच्या वर, भिंतीवरच्या काटेरी तारेच्या वर, आठव्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ताई उभी होती. तिच्या हातातलं फडकंसुद्धा मला दिसत होतं. घाम पुसत, धापा टाकत मी जिथे येऊन बसले होते, तिथपर्यंत तिचा आवाज सरळ आला, ओरडावंही न लागता. लांबच्या गावाहून माणूस परतल्यावर आपण विचारतो तसं तिने विचारलं,

"पोचलंस काय गो?"

वंदनाने तोंडाला पदर लावला. मी वर बघत म्हटलं, "पोचलंय."